जुनी मीटरगेज वाघीण करायची आहे : विकतची बदलू की मुळापासून करू?

लोंढ्याचा नातू

नमस्कार मंडळी.

माझे आजोबा लोंढ्याच्या यार्डात नंबरटेकर होते. मालगाडी लागली की कंदील आणि वही घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, प्रत्येक वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, नंबर उतरवायचा, दाराचं सील शाबूत आहे का बघायचं. लोंढ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना या कामाबद्दल वेगळं सांगायला नको. त्यांची एक वही आमच्या टिळकवाडीच्या घरात अजून आहे. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण आकडे वाचता येतात. काही पानांवर नंबरापुढे मालही लिहिलाय : भात, सागवान, मँगनीज, कापूस, गूळ.

गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो. आता त्या वहीतली एक तरी वाघीण छोट्या नमुन्यात स्वतःच्या हाताने करायची असं मनात आहे.

खानापूरच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतात जुन्या चारचाकी वाघिणीचं धूड मिळालं. खालची चाकं, चौकट काही नाही. वरची खोली तेवढी दगडांवर टेकवून आत कडबा भरतात. मी टेप घेऊन दिवसभर तिथे होतो. लांबी १८ फुटांच्या आसपास, रुंदी ७ फूट. अंग सगळं लोखंडी पत्र्याचं, उभ्या अँगलपट्ट्या, रिव्हेटच्या रांगा, वर गोलसर छत, मधोमध दोन पाखांचं दार. एका कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे नखाने काढले तर खाली विटकरी तपकिरी लागला. शेतमालकांनी दोनदा चहा पाजला आणि दोन्ही वेळा विचारलं, "मास्तर, ह्याचं करणार काय?"

आता प्रश्न. भाच्याने जर्मनीहून एचओ मापाची (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाची) दोन आसांची एक मालवाघीण आणून दिली आहे. ती कापून-जोडून आपली करावी, की सगळं मुळापासून करावं? आणि माप कुठलं घ्यावं?

कुंदा प्रेमी

धागा वाचतोय. वाघीण या शब्दावर माझं लहानपणापासून प्रेम आहे. वॅगनची वाघीण करून टाकणाऱ्या आपल्या हमालांना नमस्कार!

उद्यमबागवाला

सर, आधी माप ठरवा, बाकीचं आपोआप ठरतं.

मीटरगेज म्हणजे रुळांत १००० मिलिमीटर अंतर. एचओचं प्रमाण १:८७. भागलं की साडेअकरा मिलिमीटर येतात. त्याला १२ मिलिमीटरचा रूळ वापरतात, पण तो रूळ आणि त्याची चाकं दोन्ही बाहेरून मागवावी लागतात. आपल्याला सहज मिळतो तो साडेसोळाचा. आता हिशेब उलटा करा. १००० ला १६.५ ने भागलं की ६०.६ येतात. म्हणजे वाघीण १:६० ने केली तर तोच साडेसोळाचा रूळ जवळजवळ अस्सल मीटरगेज होतो. तुमची १८ फुटी वाघीण ९१ मिलिमीटर लांब होईल, रुंदी साडेपस्तीस. हातात धरून काम करायला हे माप फार छान. १:८७ ने ती जेमतेम ६३ मिलिमीटर भरते, आपल्या वयाला रिव्हेट दिसायचे नाहीत.

चाकांचंही जमतं. खरी चाकं सव्वादोन-अडीच फूट व्यासाची. इंग्लंडकडच्या ओओ मापाची मालडब्याची चाकं साडेबारा मिलिमीटरची येतात, १:६० ला ती चपखल बसतात. धातूचीच घ्या. प्लास्टिकची चाकं रुळावरचा मळ गोळा करतात.

निपाणीकर

मी उद्यमबागवाल्यांच्या विरुद्ध मत देतो. मुळापासून करायला बसलेली दहा माणसं मला माहीत आहेत, त्यातल्या सात जणांच्या वाघिणी अजून पुठ्ठ्यावरच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. सरांच्या हातात चालणारी वाघीण आहे. ती बदला. वरचा डबा चार चिमट्यांनी बसवलेला असतो, तो अलगद निघतो. खालची चौकट मिळाली की निम्मं काम संपलं.

मी असंच केलं. मात्र एक गोष्ट कापल्याशिवाय गत्यंतर नाही. युरोपातल्या वाघिणींना टोकाला दोन बाजूला दोन बफर असतात. आपल्या मीटरगेजला मधोमध एकच बफर, त्यातच आकडा. ते दोन गोल बफर तसेच ठेवले तर बाकी कितीही मेहनत घ्या, वाघीण परदेशी दिसते.

लोंढ्याचा नातू

@उद्यमबागवाला, १:६० हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्री कागदावर आकृती काढली. ९१ मिलिमीटर म्हणजे बरोबर माझी चार बोटं आणि थोडं वर.

@निपाणीकर, तुमचं पटतं, पण भाच्याची वस्तू कापायला हात धजत नाही. त्याने पहिल्या पगारातून आणली होती.

निपाणीकर

मग विषय संपला. ती कापू नका. माझे शब्द मागे घेतले.

मिरज जंक्शन

बेळगावकरांनो, तुमच्या वाघिणी शेवटी आमच्याच फलाटावर यायच्या, म्हणून थोडं बोलतो.

वाघीण नेमक्या कुठल्या काळातली, हे आधी नक्की करा. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर धान्य लवकर पोचावं म्हणून जे रूळ टाकायचं ठरलं, त्यात होटगी-गदग ही तिची लाईन. १८९० च्या सुमारास पुण्यापासून मिरज, बेळगाव, लोंढ्यापर्यंत मीटरगेजची सलग रेघ झाली. १९०८ ला मद्रास रेल्वेशी जोडणी होऊन मद्रास अँड सदर्न मराठा झाली. १४ एप्रिल १९५१ ला दक्षिण रेल्वे, २ ऑक्टोबर १९६६ ला हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत. सरांचे आजोबा कुठल्या सालात होते त्याप्रमाणे वाघिणीवरची अक्षरं बदलणार. डबा तोच राहील, पाटी बदलेल.

आता आमचं दुःख. १९७१ ला पुणे-मिरज ब्रॉडगेज झाली आणि मिरज-बेळगाव मीटरगेजच राहिली, ती थेट नव्वदच्या दशकापर्यंत. त्यात बार्शी लाईट या छोट्या रेल्वेची नॅरोगेजही १९२७ पासून मिरजेत आलेली. एकाच जंक्शनात तीन मापांचे रूळ! उगारची साखर मीटरगेजच्या वाघिणीतून यायची, इथे हमाल पाठीवरून ब्रॉडगेजच्या वाघिणीत टाकायचे, मग ती पुढे. माझे वडील त्या यार्डाजवळ चहाची गाडी लावायचे. ते म्हणायचे, पोत्याला जेवढे हात लागतात तेवढी साखर कमी होते.

घटप्रभाकाठ

मिरजकर काका, आमच्या गोकाक रोड स्टेशनावरूनही कापूस-सूत असंच जायचं. आजीच्या तोंडी 'तांबडी वाघीण लागली' असं असायचं. आम्हाला लहानपणी खरीच वाघीण वाटायची आणि आम्ही घराबाहेर पडत नव्हतो.

कुंदा प्रेमी

@घटप्रभाकाठ, आजीला मुलं घरात ठेवायला बरी युक्ती सापडली होती.

रंधा

मी पेशाने सुतार, अनगोळला दुकान आहे. सर, छोट्या वाघिणीला सागवानी व्हिनियर वापरा. खरं लाकूड ते खरं लाकूड. मी आमच्या गणपतीसमोर लाकडी आगगाडी केली होती, सगळ्या गल्लीने नाव काढलं.

दूरदेशी बेळगावकर

रंधा दादा, तुमच्या हाताला तोड नाही, पण या कामात लाकूड टाळावं असं माझं ठाम मत. लाकडाच्या रेषा लहान होत नाहीत. १:६० च्या वाघिणीवर सागाची एक शीर म्हणजे प्रत्यक्षात चार बोटं रुंद चर. शिवाय सरांनी मोजलेला डबा पत्र्याचा आहे.

मी गेली अठरा वर्षं अमेरिकेत. इथे १८९० च्या काळातल्या मालडब्यांचे नमुने करणारे पुष्कळ आहेत, मीही दोन केलेत. इंटरनेटवर जे धडे मिळतात ते बहुतेक या अमेरिकन डब्यांचे, म्हणून आपल्याकडची मंडळी तेच आपल्या वाघिणीला लावतात. सावध राहा. तिकडचा जुना डबा लाकडी, ३४-३६ फूट लांब, आठ चाकांचा. लांब लाकडी तळ मधे झोळू नये म्हणून खालून लोखंडी सळया ताणून बसवत. नमुन्यात त्या सळया मासेमारीच्या तंगुसाच्या करतात. छतावर चालायची फळी, कारण ब्रेक लावणारा माणूस धावत्या गाडीच्या छतावरून डब्याडब्यावर जाऊन हाताने चाक फिरवायचा. किती माणसं त्यात मेली. जोडणी करणाऱ्यांची बोटं तर सर्रास जायची. शेवटी १८९३ ला तिथल्या संसदेला कायदा करून आपोआप जुळणारी कपलिंगं आणि गाडीभर चालणारे ब्रेक सक्तीचे करावे लागले.

आपली चारचाकी वाघीण आखूड, लोखंडी चौकटीची. तिला ना सळया, ना छतावरची फळी. इकडच्या लोकांकडून कापणं, डकवणं, मळवणं शिकावं, आकार मात्र सरांच्या टेपमधूनच घ्यावा.

रंधा

चार बोटं रुंद चर हे डोक्यात बसलं. बरोबर आहे. मग तळाची जमीन तरी माझ्याकडून घ्या, आत पोती पडतात तिथे फळ्याच होत्या ना? दार उघडं ठेवलं तरच ती दिसेल, पण मला माहीत असेल.

लोंढ्याचा नातू

रंधा दादा, तळ तुमचाच. धुडाच्या तळाला खरंच फळ्या होत्या. सात इंची फळी म्हणजे १:६० ला तीन मिलिमीटर. शनिवारी दुकानात येतो.

खानापुरी पाऊस

पुठ्ठा वापरणार असाल तर एक अनुभव सांगालोय. मी लग्नपत्रिकांच्या जाड कार्डाचा डबा केला होता. मार्चमध्ये एकदम सरळ. जुलैत बघतोय तर पोट फुगल्यागत. आमच्याकडं कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलाय! कार्ड कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी पातळ चपडा मारा. दोन्ही बाजूंनी, एकच बाजू मारली तर नक्की वाकणार. आणि आतून आडव्या भिंती घाला, दर ३० मिलिमीटरला एक. नाहीतर सरळ प्लास्टिकची पांढरी शीट घ्या, स्टायरीन म्हणतात ती. पावसाचा प्रश्नच मिटला.

शहापूरची सून

पहिल्यांदाच लिहितेय. रेल्वेतलं मला काही कळत नाही, पण रिव्हेटच्या रांगा वाचून एक सुचलं. आम्ही ब्लाउजच्या कापडावर खुणा उतरवायला दातेरी चाक फिरवतो. मूठ धरायची, पट्टीला लावून ओढायचं, एका सरळ रेषेत सारख्या अंतराने ठिपके पडतात. पत्र्याच्या कागदावर उलट्या बाजूने फिरवलं तर पुढून ठिपके उठतील ना?

उद्यमबागवाला

वहिनी, अगदी हेच! मी बॉलपेनची संपलेली रिफिल घेऊन एकेक ठिपका दाबत होतो. एका वाघिणीला चारशेच्या वर रिव्हेट, तिसऱ्या रांगेला डोळे भरून यायचे आणि रांग वाकडी व्हायची.

एवढंच बघा की शिवणकामाच्या चाकाचे दाते लांब लांब असतात, अडीच-तीन मिलिमीटरवर एक. १:६० ला ते अंतर सहा-सात इंच होतं. रिव्हेट तीन-चार इंचांवर असतात, म्हणजे आपल्याला दीड मिलिमीटर हवं. जुन्या गजराच्या घड्याळातलं पितळी दातेरी चाक काढा, त्याला तारेची मूठ करा. दाते टोकाला कानशीने किंचित गोल करा, नाहीतर कागद फाटतो.

शहापूरची सून

सासऱ्यांचं बंद पडलेलं गजराचं घड्याळ माळ्यावर आहे. विचारून बघते.

मिरज जंक्शन

बार्शी लाईटचं नाव काढलं म्हणून राहवत नाही. ज्यांना मीटरगेज जड वाटतं त्यांनी बार्शीच्या वाघिणी कराव्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ ला बार्शी-कुर्डुवाडी लाईन सुरू केली, अडीच फुटी रूळ. त्याचा विचार असा की रूळ हलका असेल तर कुठल्याही आसावर ५ टनांच्या वर ओझं पडता कामा नये, मग इंजिन असो की वाघीण. म्हणून त्याने इंग्लंडच्या लीड्सहून दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीच्या, २५ फूट लांबीच्या, आठ चाकांच्या वाघिणी आणवल्या. चार आसांवर ओझं वाटलं जायचं, त्यामुळे अरुंद रुळावरूनही भरपूर माल जायचा. पुढे याच माणसाने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं. डोकं कुठून कुठे जातं बघा.

नमुन्याचा हिशेब गोड आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, १:८७ ने भागा, पावणेनऊ येतात. एचओहून लहान अशा एन मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ त्याला तयार मिळतो, एन मापाच्या बोगी, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या चौकटी, तयार मिळतात. वर फक्त डबा चढवायचा. माझ्या दोन झाल्या आहेत.

निपाणीकर

काका, धागा मीटरगेजचा आहे! पण फोटो टाका.

दूरदेशी बेळगावकर

सर, चौकट मुळापासून करणार असाल तर सगळ्यात मोठी अडचण चाकांचीच येणार, म्हणून आधीच सांगतो. चारचाकी वाघिणीची चारही चाकं एका पातळीत बसली नाहीत तर तीन टेकतात आणि चौथं अधांतरी राहतं. रुळाचा सांधा आला की तेच चाक उतरतं. उपाय जुना आहे. एक आस चौकटीला पक्का करा. दुसरा आस वेगळ्या छोट्या पाळण्यात बसवा आणि तो पाळणा वाघिणीच्या मध्यरेषेवरच्या एका तारेवर डुलू द्या, डावी-उजवीकडे अर्धा मिलिमीटर पुरे. चौरंग डुगडुगतो, तिपाई कधी डुगडुगत नाही. वाघीण अशी तिपाई झाली की रूळ कसाही असो, चारही चाकं टेकतात.

आणि वजन. अमेरिकेतल्या नमुनाकारांच्या संघटनेचं एचओसाठी सूत्र आहे : सुरुवातीला १ औंस, पुढे लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. तुमचा रूळ साडेसोळाचाच, तेव्हा तेच लावा. ९१ मिलिमीटर म्हणजे साडेतीन इंचांच्या किंचित वर, सुमारे ७९ ग्रॅम होतात. तळाखाली लोखंडी पट्टी चिकटवा. शिसं नको, घरात लहान मुलं असतील तर अजिबात नको.

घटप्रभाकाठ

'चौरंग डुगडुगतो, तिपाई डुगडुगत नाही' हे माझ्या नववीच्या वर्गाला भूमितीत सांगणार आहे. तीन बिंदूंतून एकच प्रतल.

खानापुरी पाऊस

कॅसलरॉकच्या घाटाचा कुणी विचार केलाय का? तिथनं कुळेपर्यंत १:३७ चा उतार. टेबलावर करायचं म्हटलं तर एका मीटरला २७ मिलिमीटर चढ. बघायला काहीच नाही वाटत, पण पाच-सहा वाघिणी लावल्या की छोटं इंजिन जागेवर चाकं फिरवत बसतं.

मिरज जंक्शन

कॅसलरॉकवरून आठवलं. पलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य. मुरगाव बंदरापासूनची ती लाईन १८८८ च्या सुमारास कॅसलरॉकला येऊन भिडली, आणि स्टेशन सरहद्दीचं झालं. कस्टमची तपासणी तिथेच. सरांचे आजोबा सील इतकं निरखून का बघत असतील ते आता लक्षात येतं. मँगनीजच्या उघड्या वाघिणीला सीलची गरज नाही, पण बंद वाघीण लोंढ्याहून सरहद्दीकडे निघाली की तिच्या दाराची जबाबदारी कुणीतरी सही करून घ्यायची.

लोंढ्याचा नातू

मिरजकर, तुमचं वाचून वही पुन्हा उघडली. ज्या नंबरांपुढे बारीक फुली आहे ते सगळे बंद वाघिणींचे आहेत, आणि पानाच्या डोक्यावर दर वेळी 'कॅ.रॉ.' आहे. इतकी वर्षं मला ती फुली म्हणजे खोडलेलं वाटत होतं.

रंधा

सर, अंगावर काटा आला.

निपाणीकर

रंगाबद्दल कुणी बोलत नाही. मी रेड ऑक्साइड प्रायमर मारतो, हार्डवेअरच्या दुकानातला, गेट-खिडक्यांना लावतात तो. त्यात थेंबभर काळा मिसळला की जुनी वाघीण.

दूरदेशी बेळगावकर

रंग छान, फक्त थर पातळ ठेवा. डब्यातला प्रायमर ब्रशने जाड लागला की वहिनींच्या चाकाचे सगळे ठिपके बुजतील. पातळ करून तीन हात द्या. अक्षरांच्या बाबतीत माझा एकच नियम : ज्या सालची वाघीण त्या सालचा फोटो समोर असेल तरच अक्षर काढायचं. अंदाजाने मोठी इंग्रजी अक्षरं ठोकली की पुढचा माणूस तुमच्या नमुन्याचा फोटो पुरावा म्हणून वापरतो, आणि चूक पक्की होते.

उद्यमबागवाला

याला माझा विरोध आहे. प्रत्येक गोष्टीला फोटो मागितला तर आपल्या भागातल्या वाघिणी कधी होणारच नाहीत. सरांकडे नंबर आहे, आजोबांच्या अक्षरातला. तो लिहायला कुणाच्या फोटोची परवानगी लागत नाही.

दूरदेशी बेळगावकर

नंबरला माझी ना नाहीच. नंबर हा तर फोटोपेक्षा मोठा पुरावा. मी कंपनीच्या अक्षरांबद्दल बोलत होतो.

शहापूरची सून

घड्याळ मिळालं. सासरे आधी नको म्हणाले, मग कशासाठी ते सांगितल्यावर स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. चाक निघालंय, दाते मोजले, ४८. पाठवू कुठे?

घटप्रभाकाठ

मुलांना घेऊन नमुने बघायचे असतील तर पुण्याच्या कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघा, १९९८ पासून आहे. हुबळीचं रेल्वे संग्रहालय तर आपल्याला जवळच. माझ्या वर्गातला एक मुलगा तिथून आल्यापासून वहीच्या मागच्या पानांवर कमान पाटेच काढतोय.

लोंढ्याचा नातू

दोन महिन्यांनी लिहितोय. वाघीण रुळावर उभी आहे.

काय काय झालं ते सांगतो. अंग अर्धा मिलिमीटर स्टायरीनचं, त्यावर खाऊच्या डब्याच्या ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. वहिनींचं ४८ दात्यांचं चाक पट्टीला लावून उलट बाजूने ओढलं. पहिल्या दोन पत्र्यांवर मी जोर जास्त दिला आणि पत्रा पोस्टाच्या तिकिटासारखा ठिपक्यांवरून फाटला. मग खाली जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, हात हलका ठेवला. तिसऱ्या पत्र्याला तिरप्या उजेडात धरलं तेव्हा रिव्हेटची रांग अशी उठून दिसली की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

छत दोनदा केलं. पहिलं चिकटवून रात्री तसंच ठेवलं, सकाळी एक कोपरा उचललेला. दुसऱ्या वेळी गरम पाण्यात बुडवून औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळलं, रबर लावून दोन दिवस ठेवलं, मग बसवलं. ते अजून हललेलं नाही, आणि बाहेर पाऊस सुरू आहे.

डुलणारा आस मात्र तीन वेळा काढून घातला. तार जाड घेतली होती, पाळणा अडकत होता. उद्यमबागवाल्यांनी अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार दिली आणि काम झालं. रुळाच्या एका बाजूखाली मुद्दाम पोस्टकार्ड सरकवून बघितलं. वाघीण नुसती मान तिरकी करते आणि जाते. वजन ७४ ग्रॅम भरलं.

मधला बफर आणि आकडा पितळेचा, डाग देऊन जोडलेला. रंग निपाणीकरांचा. कंपनीचं अक्षर एकही काढलं नाही. नंबर तेवढा काढला, फुली असलेल्या पानावरचा, शून्य नंबरच्या ब्रशने. आजोबा ४ चा आकडा वरून उघडा काढायचे, तसाच काढला.

आत रंधा दादांची फळ्यांची जमीन आहे. एक दार थोडं उघडं ठेवलंय. दाराची कडी अजून राहिली आहे, आणि सील कशाचं करावं हे कळत नाही. एवढा बारीक गोळा कशाचा?

भाच्याची जर्मन वाघीण शेजारीच ठेवली आहे, अखंड.

निपाणीकर

फोटो तीनदा मोठा करून बघितला. दहातला आठवा माणूस सापडला!

उद्यमबागवाला

सीलसाठी सोल्डरची बारीक तार मेणबत्तीवर धरा, टोकाला आपोआप गोळी होते. शिसं नसलेलं सोल्डर घ्या. गोळी तारेसकट तोडली की सील तयार.

शहापूरची सून

सासऱ्यांना फोटो दाखवला. चष्मा पुसून रिव्हेट मोजायला लागले.

मिरज जंक्शन

सर, येत्या रविवारी बेळगावला येतोय. बरोबर बार्शी लाईटच्या दोन्ही वाघिणी आणतो. तुमचा रूळ साडेसोळाचा, माझा ९ चा, तेव्हा गाडी पुढे जायची नाही. शेजारी शेजारी उभ्या करू आणि माल हाताने उतरवू.

लोंढ्याचा नातू

जरूर या. दुसऱ्या रेल्वे गेटापाशी घ्यायला येतो. पोती मात्र अजून शिवायची आहेत.

शहापूरची सून

पोती मी शिवते. गूळ की भात?